स्वामित्व आणि संबंध

१

भाषेतील काही शब्द इतके लहान आणि इतके नित्याचे असतात की, त्यांच्याकडे विचाराचा विषय म्हणून पाहण्याची वेळच सहसा येत नाही. ‘माझे’, ‘तुझे’, ‘त्याचे’ हे अशा शब्दांपैकी होत. मूल बोलू लागते तेव्हा पहिल्या काही शब्दांच्या मागोमाग ‘माझं’ हा शब्द त्याच्या तोंडी येतो, आणि मृत्युपत्रातील अखेरच्या ओळीपर्यंत तो माणसाची सोबत सोडीत नाही. स्वभाषेत या शब्दांचा उच्चार श्वासोच्छ्वासाइतका सहज असतो. परभाषा शिकताना मात्र त्यांच्यापाशी थबकावे लागते. आणि थबकल्यावर ध्यानात येते की, येथे प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही.

इंग्रजी शिकणारा मराठी विद्यार्थी ‘हिज’ आणि ‘हर’ या शब्दांपाशी प्रथम अडखळतो. मराठीत ‘माझा भाऊ’, ‘माझी बहीण’, ‘माझे घर’ अशी रूपे होतात. म्हणजे ज्याच्यावर हक्क सांगितला जातो त्याच्या लिंगवचनाप्रमाणे हक्क सांगणारा शब्द आपले रूप बदलतो. इंग्रजीत नेमके उलट आहे. तेथे बहीण असो वा भाऊ, घर असो वा शेत, ‘माय’ हा शब्द तसाच राहतो. आणि तृतीय पुरुषात लिंग दिसते ते धारण करणाऱ्याचे, धारण केलेल्याचे नव्हे. भाऊ तिचा असेल तर ‘हर’ आणि बहीण त्याची असेल तर ‘हिज’. म्हणून मराठी विद्यार्थी ‘त्याची बहीण’ याचे भाषांतर करताना बहिणीकडे पाहून ‘हर’ लिहून जातो आणि गुण गमावतो. मराठीचे ‘त्याची’ हे रूप बारकाईने पाहिले, तर त्याचा पूर्वार्ध धारकाकडे आणि उत्तरार्ध धारिताकडे तोंड करून उभा आहे असे दिसते. एकाच शब्दात दोन्ही पक्षांची दखल घेतलेली आहे. इंग्रजी शब्द एकाच पक्षाची दखल घेतो.

या भेदावरून इंग्रज अधिक लोभी आणि मराठी माणूस अधिक विरक्त, असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद ठरेल. व्याकरण हे शीलाचे प्रमाणपत्र नव्हे. तथापि भाषेने कोणत्या गोष्टी आपोआप सांगितल्या जाव्यात आणि कोणत्या बोलणाऱ्याच्या विवेकावर सोडाव्यात याची वाटणी केलेली असते, आणि जे विवेकावर सोडलेले असते तेथेच घसरण्याचा संभव अधिक असतो. इंग्रजीतील या शब्दांचा अर्थ काय आणि त्यांचा शुद्ध उपयोग कोणता, हा प्रश्न म्हणूनच शालेय पुस्तकाच्या कक्षेत पुरता मावत नाही.

२

प्रथम नावाचा विचार करणे सोयीचे होईल. इंग्रजी व्याकरणात या रूपांना ‘पझेसिव्ह’, म्हणजे स्वामित्वदर्शक, असे म्हणतात. हे नाव निसर्गसिद्ध नव्हे. लॅटिन व्याकरणात तत्सम विभक्तीला ‘जेनिटिव्ह’ म्हणत, आणि इंग्रजांनी दीर्घकाळ तेच नाव चालविले. १७६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या छोट्या इंग्रजी व्याकरणात रॉबर्ट लाउथ या धर्मोपदेशकाने असे सुचविले की, लॅटिनच्या अनुकरणाने जुने नाव ठेवता येईल. परंतु ‘पझेसिव्ह’ हे नाव कदाचित अधिक योग्य ठरेल. लाउथचे पुस्तक पुढे अनेक पिढ्यांच्या हाती गेले. ते नाव रूढ झाले आणि नावाबरोबर एक समजूतही रूढ झाली : ज्या शब्दाला हे चिन्ह लागते तो मालक, आणि जो शब्द त्याच्यापुढे येतो ती मालमत्ता.

संस्कृत वैयाकरणांनी याच क्षेत्राकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. पाणिनीने षष्ठी विभक्तीचे क्षेत्र सांगताना स्वामित्वाचे नाव घेतले नाही. कर्ता, कर्म, करण इत्यादी संबंध सांगून झाल्यावर जे उरते ते षष्ठीचे, अशी त्याची व्यवस्था आहे. उरलेले म्हणजे काय, याचे उत्तर देताना पतंजलीने महाभाष्यात षष्ठीचे शंभरएक अर्थ असल्याचे म्हटले आहे, आणि वर असतील तितके असोत, अशी मोकळीकही ठेवली आहे. स्वामी आणि स्व, पिता आणि पुत्र, अवयवी आणि अवयव, आधार आणि आधेय असे हे संबंध आहेत. त्यांत स्वामित्व आहेच. परंतु ते अनेकांतील एक आहे. मराठी व्याकरणकारांनीही षष्ठीचा मुख्य अर्थ ‘संबंध’ असाच दिला. एका परंपरेने संपूर्ण कुळाला त्यातील एका बलिष्ठ व्यक्तीचे नाव दिले. दुसरीने कुळाला कुळाचेच नाव ठेवले.

इंग्रजी भाषेचा प्रत्यक्ष व्यवहार पाहिला तर तोही लाउथच्या नावाला जुमानीत नाही. ‘माझे पुस्तक’ याचा अर्थ पैसे देऊन घेतलेले पुस्तक असा होतो, लिहिलेले पुस्तक असा होतो, आणि ग्रंथालयातून आठवड्यापुरते आणलेले पुस्तक असाही होतो. ‘माझी गाडी चुकली’ असे म्हणणारा प्रवासी रेल्वेचा मालक नसतो. ‘माझे गाव’ म्हणणाऱ्याच्या नावावर गावात वीतभर जमीन नसण्याचाही संभव असतो. ‘माझा शिक्षक’, ‘माझा शत्रू’, ‘माझा देश’, ‘माझी चूक’, ‘माझे मरण’ या सर्व ठिकाणी ‘माय’ हा एकच शब्द चालतो. ‘राजाची हत्या’ यात राजा मारणारा की मारला गेलेला, हे षष्ठी सांगत नाही, प्रसंग सांगतो. ‘माझी वेदना’ या शब्दप्रयोगाने तर विसाव्या शतकातील तत्त्वज्ञांची झोप उडविली. वेदना ही हातातील नाण्यासारखी जवळ बाळगण्याची वस्तू आहे काय, आणि एकाची वेदना दुसऱ्याला ‘असणे’ शक्य आहे काय, या प्रश्नांशी व्हिट्गेन्श्टाइन दीर्घकाळ झुंजत राहिला. त्याचा रोख असा की, व्याकरणाचे सारखेपण पाहून अर्थाचेही सारखेपण गृहीत धरले की विचार भरकटतो.

३

शुद्ध उपयोगाचे जे नियम आज शाळांतून शिकविले जातात ते फारसे प्राचीन नाहीत. जुन्या इंग्रजीत षष्ठीचा प्रत्यय पूर्ण अक्षराचा होता. तो झिजत गेला. सोळाव्या-सतराव्या शतकांत पुष्कळांची अशी समजूत झाली की, शेवटी ऐकू येणारा ‘स’ हा ‘हिज’ या शब्दाचा अवशेष आहे. बेन जॉन्सनने १६०५ साली छापलेल्या आपल्या शोकांतिकेचे नाव ‘सेजानस हिज फॉल’ असेच ठेवले. ही व्युत्पत्ती चुकीची होती. नामाच्या डोक्यावर बसणारे अपॉस्ट्रॉफीचे चिन्ह फ्रेंचांकडून उसने आले. प्रारंभी ते केवळ गाळलेल्या अक्षराची खूण होते. एकवचनी षष्ठीची खूण म्हणून ते सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थिरावू लागले आणि अनेकवचनी नामानंतर ते घालण्याचा प्रघात त्याहूनही उशिरा पडला.

‘इट्स’ या शब्दाची कथा अधिक बोधप्रद आहे. निर्जीव वस्तूसाठी इंग्रजीत पूर्वी ‘हिज’ हेच रूप होते. ‘इट्स’ सोळाव्या शतकाच्या अखेरीस लेखनात आले. १६११ च्या अधिकृत बायबलकारांनी ते वापरले नाही. पुढे ते रुळले तेव्हा ते अपॉस्ट्रॉफीसह लिहिण्याची चाल बराच काळ होती. अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेत, पहिल्या अनुच्छेदाच्या दहाव्या कलमात, राज्यांच्या तपासणी-कायद्यांचा उल्लेख करताना हा शब्द अपॉस्ट्रॉफीसहच लिहिलेला आहे. आज तेच लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला अज्ञ ठरविले जाते. आजचा नियम असा की, ‘हिज’, ‘हर्स’, ‘अवर्स’, ‘युअर्स’, ‘देअर्स’ ही सर्वनामे जन्मतःच षष्ठ्यन्त असल्याने त्यांना चिन्हाची गरज नाही. ‘इट्स’ही त्यांच्याच पंक्तीत बसते. चिन्हासह लिहिलेला शब्द ‘ते आहे’ या वाक्याचा संक्षेप ठरतो. नियम तर्कशुद्ध आहे. मात्र तो सनातन नाही.

हे नियम निव्वळ पोशाखी आहेत असेही नव्हे. एका विद्यार्थ्याची पुस्तके आणि अनेक विद्यार्थ्यांची पुस्तके यांतील भेद इंग्रजीत कानाला ऐकू येत नाही. तो केवळ चिन्हाच्या जागेवरून डोळ्यांना कळतो. दोन भावांचे एक घर असेल तर चिन्ह दुसऱ्याच नावाला एकदा लागते. दोघांची दोन घरे असतील तर प्रत्येकाच्या नावाला लागते. ज्यांनी वाटणीची भांडणे पाहिली आहेत त्यांना या बारीक चिन्हाचे वजन समजावून सांगावे लागत नाही. राजाचे चित्र म्हणताना, राजा ज्यात रेखाटला आहे ते चित्र आणि राजाच्या संग्रहातील चित्र, हा फरक इंग्रजी भाषा ‘ऑफ’ या शब्दानंतर साधे नाम ठेवून किंवा षष्ठ्यन्त नाम ठेवून दाखवू शकते. मराठीला त्यासाठी अधिक शब्द खर्चावे लागतात.

याच चिन्हासंबंधीचा एक सरकारी निर्णय येथे नोंदविण्याजोगा आहे. अमेरिकेतील स्थलनामे निश्चित करणारे मंडळ १८९० साली स्थापन झाले आणि प्रारंभापासून त्याने स्थलनामांतून स्वामित्वदर्शक अपॉस्ट्रॉफी गाळण्याचे धोरण ठेवले. शतकाहून अधिक काळात त्याने मान्य केलेले अपवाद हाताच्या बोटांवर मोजता येतील. १९३३ साली परत मिळालेले ‘मार्थाज व्हिनयार्ड’ या बेटाचे चिन्ह हा त्यांतील प्रसिद्ध अपवाद. धोरणामागील विचार असा की, माणसाच्या नावाने ओळखली जाणारी टेकडी वा ओढा एकदा नकाशावर स्थिर झाला की ते सर्व मिळून एक नाव होते. तेथे कोणाचे स्वामित्व किंवा संबंध सुचविण्याचे कारण उरत नाही. वैयाकरणांना यात शुद्धतेचा भंग दिसला. इंग्लंडमध्ये तर २००१ साली या चिन्हाच्या रक्षणासाठी एक संस्थाच निघाली. परंतु नकाशावरील डोंगराला मालकाचे चिन्ह लावू नये, या धोरणाकडे केवळ लेखनाची सोय म्हणून पाहिले तरी त्यातून एक प्रश्न उभा राहतो : कोणत्या गोष्टीला हे चिन्ह लावावे आणि कोणत्या गोष्टीला लावू नये, हे ठरविणार कोण?

४

येथून पुढे शुद्धतेचा अर्थ बदलतो. एखादे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही त्यातील षष्ठी असत्य असू शकते. आणि एखाद्या सत्य षष्ठीला कायदा नाकारू शकतो.

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये कॅरोलाइन नॉर्टन ही लेखिका आपल्या पतीपासून १८३६ साली विभक्त झाली. तिला तीन मुलगे होते. ‘तिची मुले’ या शब्दप्रयोगात कोणत्याही वैयाकरणाला दोष काढता आला नसता. परंतु तत्कालीन कायद्याप्रमाणे मुलांचा ताबा पित्याकडे होता आणि त्याने ती तिच्यापासून दूर ठेवली. तिने लेखनावर पैसे मिळविले. ‘तिची पुस्तके’ असे प्रकाशक म्हणत, वाचक म्हणत. पण त्या पुस्तकांच्या उत्पन्नावर हक्क पतीचा होता. विल्यम ब्लॅकस्टनने १७६५ च्या आपल्या ग्रंथात मांडल्याप्रमाणे विवाहानंतर पती आणि पत्नी कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती होत, आणि ती एक व्यक्ती व्यवहारात पती असे. म्हणजे भाषेने स्त्रीला ‘माय’ हा शब्द दिला होता आणि कायद्याने त्यातील अर्थ काढून घेतला होता. नॉर्टनबाईंनी पत्रके लिहिली, १८५५ साली राणीला उद्देशून प्रकट पत्र लिहिले. बालकांच्या ताब्याविषयीचा कायदा १८३९ साली, आणि विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीचे कायदे १८७० व १८८२ साली झाले. या कायद्यांचे कार्य एका वाक्यात सांगायचे तर इंग्रजी व्याकरणात शतकानुशतके शुद्ध असलेले वाक्य त्यांनी सत्य केले.

याच्या उलट बाजूचे उदाहरण मुंबईत घडले. १८८४ साली दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंवर वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा लावला. रखमाबाईंचे लग्न बालपणी झाले होते आणि त्या नांदावयास गेल्या नव्हत्या. ‘त्याची बायको’ या षष्ठीतून कोणता संबंध निघतो आणि कोणता अधिकार निघतो, हाच त्या खटल्यातील प्रश्न होता. दाव्याचा हा प्रकार मुळात इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून आलेला होता. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. अपिलात तो पुन्हा उभा राहिला, आणि १८८७ साली रखमाबाईंनी नांदावयास जावे अथवा सहा महिने कारावास भोगावा असा निर्णय झाला. त्यांनी कारावासाची तयारी दाखविली. पुढील वर्षी प्रकरण आपसांत मिटले आणि रखमाबाई वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. ‘त्याची’ या शब्दाचा अर्थ ‘त्याच्याशी संबंध असलेली’ येथेच संपतो की ‘त्याने मागावी आणि न्यायालयाने हवाली करावी अशी’ येथपर्यंत जातो, या भेदावर एका तरुण स्त्रीचे सारे आयुष्य टांगलेले होते.

गुलामगिरीत हा भेद पूर्णपणे पुसला गेला. ‘मालकाचा गुलाम’ आणि ‘गुलामाचा मालक’ ही दोन वाक्ये व्याकरणात समतोल आहेत. दोघेही परस्परांविषयी ‘माझा’ म्हणू शकतात. पण एकाचे ‘माझा’ बाजारात विकता येते, दुसऱ्याचे येत नाही. फ्रेडरिक डग्लस १८३८ साली गुलामीतून पळाला. १८४५ साली आत्मकथन प्रसिद्ध झाल्यावर पुन्हा पकडले जाण्याचा धोका वाढला, म्हणून तो इंग्लंड-आयर्लंडला गेला. १८४६ साली तेथील हितचिंतकांनी सुमारे ७११ डॉलर जमवून मालकाकडून त्याची मुक्तता विकत घेतली. गुलामगिरीविरोधी चळवळीतील काही सहकाऱ्यांना हे रुचले नाही. किंमत देणे म्हणजे माणूस मालमत्ता असू शकतो हे मान्य करणे, असा त्यांचा आक्षेप होता. डग्लसचे म्हणणे असे की, हा दरोडेखोराने उकळलेला पैसा आहे. पैसा दिल्याने दरोडेखोराचा हक्क सिद्ध होत नाही. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात बळ आहे. परंतु मूळ प्रश्न असा उरतो की, जो देह जन्मापासून त्याचा होता तो ‘त्याचा’ होण्यासाठी दुसऱ्याची सही लागावी, ही स्थिती कोणत्या अर्थाने स्वामित्व ठरते?

जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या अखेरीस मालमत्तेचा जो सिद्धान्त मांडला त्याचा पाया असा होता की, प्रत्येक माणूस स्वतःच्या देहाचा स्वामी आहे. म्हणून त्या देहाच्या श्रमाचा, आणि म्हणून श्रमाने निर्माण झालेल्या वस्तूचाही तो स्वामी होतो. हा युक्तिवाद आजही तेजस्वी वाटतो. परंतु हाच लॉक गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा भागधारक होता. ज्याचे श्रम त्याचे फळ, हे तत्त्व सांगणाऱ्याला ‘ज्याचे’ या शब्दात कोण मोडतो आणि कोण मोडत नाही, याचा हिशेब पुरा करता आला नाही.

५

या सर्व उदाहरणांत षष्ठीचा एक अर्थ दुसऱ्या अर्थाच्या जागी गुपचूप येऊन बसलेला दिसतो. ‘माझी पत्नी’ यातील ‘माझी’ सहजीवनाची. ती ‘माझी जमीन’ यातील ‘माझी’ होऊन बसते. शब्द तोच राहिल्यामुळे हा बदल ऐकू येत नाही. टॉलस्टॉयच्या १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका कथेत वृद्ध घोडा माणसांच्या या शब्दवेडाविषयी विस्मय व्यक्त करतो. माणसे कृतीपेक्षा शब्दांनी जगतात, आणि ज्या घोड्यावर कधी बसत नाहीत, ज्याला दाणा घालीत नाहीत, त्याला ‘माझा’ म्हणण्यात धन्यता मानतात, हे त्या मुक्या प्राण्याला उमजत नाही. घोड्याच्या तक्रारीत एक कसोटी दडलेली आहे. ‘माझा’ म्हणणाऱ्यावर त्या शब्दाने कोणते काम टाकले?

अशा कसोट्या आणखीही सांगता येतील. ज्याला ‘माझा’ म्हटले तो उलट ‘माझा’ म्हणू शकतो काय? शिक्षक आणि शिष्य म्हणू शकतात. लेखणी म्हणू शकत नाही, म्हणून लेखणीवरील स्वामित्वात अन्याय नाही. परंतु गुलामही ‘माझा मालक’ म्हणतोच. तेव्हा एवढ्याने भागत नाही. पुढे विचारावे लागते की, संबंध नकोसा झाला तर दोघांनाही तो सोडता येतो काय? रखमाबाईंच्या खटल्यात नेमका याच प्रश्नाचा निवाडा मागितला होता.

काही भाषांनी हा विवेक व्याकरणातच रुजविला आहे. न्यूझीलंडमधील माओरी भाषेत षष्ठीची दोन कुळे आहेत. ज्यांच्यावर बोलणाऱ्याची सत्ता वा जबाबदारी चालते, उदाहरणार्थ मुले, त्यांच्यासाठी एक. आणि ज्यांच्या आश्रयाने तो असतो, उदाहरणार्थ आईबाप, घर आणि भूमी, त्यांच्यासाठी दुसरे. भूमीला ‘माझी’ म्हणताना माओरी माणूस तिला मातापित्यांच्या पंक्तीत बसवितो. ६ फेब्रुवारी १८४० रोजी वाइतांगी येथे इंग्रजांशी जो करार झाला त्याचे इंग्रजी आणि माओरी मसुदे परस्परांशी जुळत नव्हते. इंग्रजी मसुद्यात सार्वभौमत्व राणीकडे जाते, तर माओरी मसुद्यात केवळ राज्यकारभार जातो आणि भूमीवरील अधिपत्य टोळीप्रमुखांकडेच राहते. त्या तफावतीचा निवाडा करण्यासाठी १९७५ साली एक न्यायाधिकरण स्थापन करावे लागले.

मराठीतही असा काही विवेक आहे. मराठीत ‘हॅव’ या इंग्रजी क्रियापदाला प्रतिशब्द नाही. मराठी माणसा‘ला’ दोन भाऊ असतात, त्याच्या‘जवळ’ पैसे असतात, त्याच्या ‘अंगी’ धैर्य असते. भाऊ, पैसा आणि धैर्य या तिहींना इंग्रजी एकाच क्रियापदाने बांधते. मराठी तिहींना तीन ठिकाणी ठेवते. पैसा जवळ असतो. म्हणजे तो दूरही जाऊ शकतो.

६

भारतीय विचारपरंपरेत या प्रश्नाचे एक अंतिम उत्तर फार पूर्वी दिले गेले आहे. महाभारतात असे म्हटले आहे की, ‘मम’ ही दोन अक्षरे म्हणजे मृत्यू आणि ‘न मम’ ही तीन अक्षरे म्हणजे शाश्वत ब्रह्म. यज्ञात आहुती देताना यजमान ‘हे माझे नव्हे’ असे उच्चारतो. बौद्ध विचारानेही देह, वेदना आणि संज्ञा यांच्याविषयी ‘हे माझे नाही’ असे पाहावयास शिकविले. या दृष्टीने षष्ठीचा शुद्ध उपयोग म्हणजे तिचा त्याग.

हे उत्तर थोर आहे. पण ते कोणी कोणाला सांगावे, हा प्रश्न उरतो. यजमान ‘न मम’ म्हणतो तेव्हा आहुतीचे तूप क्षणापूर्वी त्याचे होते. ज्याच्याजवळ काही आहे त्यालाच त्यागाचे पुण्य लाभते. कॅरोलाइन नॉर्टनला मुलांविषयी, डग्लसला स्वतःच्या हातापायांविषयी ‘हे माझे नव्हे’ असे म्हणण्याचा उपदेश करणे म्हणजे त्यांच्या छळणाऱ्याच्या म्हणण्याला अध्यात्माची साक्ष पुरविणे होय. त्यांना आधी ‘माझे’ म्हणता आले पाहिजे होते. सोडण्याचा अधिकार धरण्याच्या अधिकारानंतर येतो.

महाड येथील चवदार तळ्याचा इतिहास या दृष्टीने फिरून वाचण्यासारखा आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली केला, आणि महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपल्या तळ्यापुरता तो स्वीकारला. तरीही पाणी बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी प्राशन केले. त्यानंतर काही सवर्ण रहिवाशांनी दिवाणी दावा लावला. त्यांचे म्हणणे असे की, तळे सार्वजनिक नसून त्याच्या सभोवतालच्या घरमालकांचे आहे, आणि अस्पृश्यांनी तेथे न येण्याची रूढी अनादी आहे. तळे कोणाचे, या एका षष्ठीचा निकाल लागण्यास दहा वर्षे गेली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अपील फेटाळले : तळे नगरपालिकेचे आहे आणि कथित रूढी अनादी असल्याचे सिद्ध झालेले नाही.

या दाव्यात वादींनी जे केले ते भाषेच्या अंगाने लक्षणीय आहे. तळे जोवर केवळ ‘गावचे’ होते आणि ‘गाव’ या शब्दात गावकुसाबाहेरचे लोक मोजले जात नव्हते, तोवर त्यावर मालकी सांगण्याची गरज कोणालाच भासली नव्हती. ‘गाव’ या शब्दाचा अर्थ विस्तारू लागला तेव्हाच ‘चे’ या प्रत्ययाचा अर्थ आकुंचित करण्याची निकड निर्माण झाली.

इंग्रजीत ‘अवर’ हा एकच शब्द आहे. ‘अवर टँक’ असे म्हणणारा माणूस ऐकणाऱ्याला आत घेतो आहे की बाहेर ठेवतो आहे, हे त्या शब्दावरून कळत नाही. मराठीला मात्र येथे दोन शब्द उपलब्ध आहेत. ‘आमचे तळे’ म्हटले की ऐकणारा काठावर उभा राहतो. ‘आपले तळे’ म्हटले की तो पाण्यापर्यंत येतो. तमिळ, तेलुगू अशा भाषांतही ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांच्यातील हा भेद कमीअधिक प्रमाणात आहे. महाडच्या वादींनी मराठीत बोलतानाही पहिला शब्द वापरला. म्हणजे भाषेने दुसरा शब्द दिला होता. तो उच्चारण्याची तयारी नव्हती. इंग्रजीत तो शब्द नसूनही न्यायालयाच्या इंग्रजी निर्णयाने त्याचा अर्थ पदरात टाकला. भाषेतील सोय माणसाला न्यायी करीत नाही, आणि भाषेतील उणीव त्याला अन्याय करण्यास भाग पाडीत नाही, हे यावरून दिसते.

स्वामित्वदर्शक शब्दांचे इंग्रजी नियम शिकविणाऱ्याने चिन्ह कोठे द्यावे हे अवश्य शिकवावे. एकाची वस्तू आणि अनेकांची वस्तू यांत गफलत होऊ नये, याची ती पहिली शिस्त आहे. परंतु चिन्ह योग्य जागी पडल्यावरही वाक्य पुरते शुद्ध झाले असे समजू नये. ज्या शब्दाला ते लागले त्याने हा संबंध कसा मिळविला, दुसऱ्या शब्दाला त्यात काही म्हणावयाचे आहे काय, आणि तो संबंध कोणते ऋण मागे ठेवतो, हे प्रश्न चिन्हानंतर सुरू होतात. पाणिनीने षष्ठीला ‘उरलेल्या’चे क्षेत्र दिले होते. वस्तूंचे खरेदीखत करून झाल्यावर माणसामाणसांत जे उरते, त्याचाही त्या क्षेत्रात समावेश होतो.